पुण्यातल्या सायकल क्लबच्या रविवारच्या राइडला पहिल्यांदा जाताना

क्लबच्या राइडला यायचं ठरवलं की बहुतेकांना एकच धास्ती असते, ती म्हणजे आपण मागे पडू. मागे पडल्याने फारसं काही बिघडत नाही, त्यासाठी क्लबमध्ये माणसं नेमलेली असतात. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा दोन हातांवर पुढे असलेला सायकलस्वार न सांगता ब्रेक दाबतो किंवा खड्डा चुकवायला अचानक उजवीकडे वळतो. म्हणून पहिल्या महिन्यात तुमच्याकडून फक्त एवढीच अपेक्षा असते की तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार आहात, हे मागच्याला आधी कळावं. खालची सगळी तयारी त्याच दिशेने आहे.

राइड निवडताना

पुण्यातले बहुतेक क्लब व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतात. राइडचा संदेश गुरुवारी-शुक्रवारी येतो. त्यात चार गोष्टी शोधा: निघण्याची जागा आणि वेळ, एकूण किलोमीटर, चढण किती, आणि सरासरी वेग. ‘नो-ड्रॉप’ लिहिलं असेल तर कोणालाही मागे सोडून जात नाहीत. पहिल्या तीन-चार राइड अशाच निवडा.

वेगाचा आकडा नीट वाचा. तो चालत्या सायकलचा असतो, थांबण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो. नवख्यांच्या राइडचा वेग साधारण ताशी १८ ते २० किलोमीटर असतो, सरावलेल्यांचा २२ ते २५, आणि २८ च्या पुढे गेलं की ते शर्यतीची तयारी करणारे लोक. ताशी २० च्या वेगाने ४० किलोमीटर म्हणजे सायकलवर दोन तास, वर नाश्ता, पंक्चर आणि फोटो यांचा पाऊण तास. घरी तीन तास सांगून निघा.

जायच्या आधी एकट्याने एक चाचणी करा. सपाट रस्त्यावर २५ किलोमीटर, मध्ये न थांबता, सव्वा तासात पूर्ण करा. घरी आल्यावर दिवसभराची कामं नेहमीसारखी करता आली तर खडकवासल्याच्या राइडला तुम्ही तयार आहात. जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा १०-१२ किलोमीटर चालवा आणि तीन आठवड्यांनी परत करून बघा.

पहिल्या राइडसाठी खडकवासला उत्तम. डेक्कनपासून जाऊन-येऊन साधारण ३५ किलोमीटर होतात आणि चढ सौम्य आहे. फक्त रविवारी ८ नंतर त्या रस्त्यावर सिंहगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून परतीचा रस्ता लवकर धरावा लागतो. बोपदेव घाट आणि कात्रजचा जुना घाट महिन्या-दीड महिन्यानंतर. सिंहगडाचा रस्ता त्याहून पुढे ठेवा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे, पुणे साधारण ५६० मीटरवर, आणि त्यातला मोठा भाग शेवटच्या काही किलोमीटरमध्ये चढायचा असतो. दिवे घाटात वाहनं जड आणि बरीच असतात, तिथे ओळखीच्या ग्रुपबरोबरच जा. लोणावळ्याच्या राइड जुन्या मुंबई-पुणे महामार्गानेच जातात, कारण द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे. कात्रज ते नवले पूल हा बायपासचा उतार मात्र टाळा. ब्रेक निकामी झालेल्या जड गाड्यांच्या अपघातांसाठी तो टप्पा कुप्रसिद्ध आहे. एखादी राइड तिथून जाणार असेल तर पर्यायी रस्ता विचारायला संकोच करू नका.

आधी कळवणं फार महत्त्वाचं आहे. संदेश असा पुरतो: “नमस्कार, मी हायब्रिड सायकल चालवते. एकटीने २५ किमी सव्वा तासात होतात. ग्रुपमध्ये पहिल्यांदाच चालवणार आहे. रविवारच्या खडकवासला राइडला आले तर चालेल का?” एवढ्यावरून राइड लीडरला तुम्हाला कुठल्या गटात आणि कोणाबरोबर ठेवायचं ते कळतं. काही क्लब रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर मागणारा फॉर्म भरून घेतात. तो खरा आणि पूर्ण भरा.

सायकल: शनिवारी संध्याकाळचा अर्धा तास

महागडी रोड बाइक लागत नाही. गिअरची कुठलीही धडधाकट हायब्रिड (रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली) किंवा एमटीबी (माउंटन बाइक) चालते. जाड टायरच्या एमटीबीवर त्याच वेगासाठी जास्त ताकद लागते, इतकंच.

हवा आधी बघा. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. ६० ते ७५ किलो वजनाच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये ८५ ते ९५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), ३२ मिमीमध्ये ६० ते ७०, ३८-४० मिमीमध्ये ४५ ते ५५, आणि दोन इंची एमटीबी टायरमध्ये ३० ते ४० पुरतात. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पावसात पाच-सात पीएसआय कमी ठेवा. हवा फार कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. फार जास्त असली की सायकल खडीवर उड्या मारते आणि पकड जाते. पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. कॉम्प्रेसरने भरलीच तर अगदी थोडी थोडी भरा, कारण बारीक ट्यूब क्षणात फुटते. घरी गेज असलेला उभा पंप असणं सगळ्यात बरं.

मग ब्रेक. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नयेत. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघून ठेवा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सायकलींना तो उजव्या हाताला असतो, पण सगळ्यांना नाही. दुसऱ्याची सायकल घेऊन आलेल्यांची इथेच गडबड होते.

चेन कापडाने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पेडल उलटं फिरवा आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. तेल लागतं ते कडीच्या आत. बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं. चाकांचे क्विक रिलीज (चाक आवळून धरणारे, हाताने उघडणारे खटके) घट्ट आहेत ना, हेही हाताने बघा.

सीटची उंची पाच मिनिटांत बसते. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक येतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. वर असेल तर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलते आणि तुमच्या मागचा ते लगेच ओळखतो.

जवळ काय हवं

हेल्मेटशिवाय क्लब घेत नाहीत. ते भुवयांच्या वर दोन बोटं इतकं खाली बसवा, पट्ट्या कानाखाली इंग्रजी ‘व्ही’सारख्या याव्यात, आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जावीत. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवलेलं हेल्मेट पडल्यावर कामाला येत नाही.

मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा बारा महिने लावा. पुण्यात जानेवारीत सूर्य ७ नंतर उगवतो, म्हणजे ५.३० ला निघालात तर पहिला तासभर तरी अंधार. पुढचा दिवा किमान २०० ल्युमेनचा (प्रकाशाचं माप, दिव्यावर लिहिलेलं असतं) घ्या, शहराबाहेर जाणार असाल तर ४००. तो खाली रस्त्याकडे झुकवा, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ग्रुपमध्ये मागचा दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, मागच्याला त्रास होत नाही.

सीटखालच्या पिशवीत तुमच्या टायरच्या मापाची एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर रिमवरून सोडवायच्या पट्ट्या), पॅच आणि सोल्यूशन, एलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) मल्टिटूल आणि छोटा पंप ठेवा. माप टायरवरच लिहिलेलं असतं, जसं ७०० × ३२ सी. क्लबमध्ये कोणाकडे तरी ट्यूब असेल या भरवशावर येऊ नका. रोड बाइकवाल्याची ट्यूब तुमच्या एमटीबीला बसणार नाही. खिशात ओळखपत्र, चिठ्ठीवर रक्तगट आणि दोनशे रुपये रोख, कारण घाटात यूपीआयला रेंज मिळेलच असं नाही.

कपड्यांत सुती टी-शर्ट टाळा, घामाने भिजून तो अंगाला चिकटतो आणि उतारावर थंडी भरते. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, शिवण घासून जखम होते ती याच चुकीमुळे. बुटाच्या नाड्या आत खोचा. सलवार किंवा सैल पँट असेल तर चेनच्या बाजूचा पाय रबराने बांधा, आणि ओढणी घरी ठेवा.

खाण्याचं साधं आहे. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं. दीड तासाच्या पुढच्या राइडला बरोबर राजगिऱ्याची चिक्की, खजूर किंवा आणखी एक केळं ठेवा आणि पहिल्या तासानंतर खायला लागा. पाय गळाल्यावर खाल्लेलं अंगी लागायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर ग्रुप पुढे गेलेला असतो. मार्च ते मे दुसऱ्या बाटलीत ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापातच. मिसळ राइडच्या शेवटी खा. मधल्या थांब्यावर तर्री ओढली की परतीच्या चढावर पोट ऐकत नाही.

ग्रुपमध्ये चालवणं

ठरलेली वेळ ही निघण्याची असते. पंधरा मिनिटं आधी पोचा, लीडरला “मी नवीन आहे” हे पुन्हा सांगा आणि स्वीप कोण आहे ते विचारून घ्या. स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी राहणारा, तो तुमच्या मागेच असतो. ग्रुपमध्ये वयाने मोठ्यांना काका-काकू, बाकीच्यांना दादा-ताई म्हणतात. साठीच्या काकांचा वेग बघून दचकू नका.

गटाच्या मध्यभागी किंवा जरा मागे राहा. अगदी शेवटी राहिलात तर पुढच्यांच्या वेगातले छोटे चढउतार तुमच्यापर्यंत येताना मोठे होतात, आणि सारखं धावून पकडावं लागल्याने तुम्ही सगळ्यांआधी दमता. पुढच्याच्या मागच्या चाकापासून दीड मीटर अंतर ठेवा, म्हणजे साधारण एका सायकलची लांबी. सरावलेले लोक याहून जवळ चालवतात, कारण पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो आणि मेहनत वाचते. तो फायदा दीड मीटरवरही थोडा मिळतो. सहा महिने तेवढ्यावर समाधान माना.

आणि हा नियम पाठ करा: तुमचं पुढचं चाक कोणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूने पुढे जाऊ द्यायचं नाही. पुढचा जरासा सरकला आणि दोन चाकं घासली, तर पुढच्याला बहुतेक वेळा काही होत नाही. पडतो तो मागचा, कारण त्याचं वळवायचं चाकच अडकलेलं असतं. ग्रुपमधल्या पडझडीचं हे मोठं कारण आहे.

नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून दोन-तीन माणसं पुढे बघा, म्हणजे वेग कमी होतोय हे ब्रेक लागण्याआधीच कळतं. वेग कमी करायचा असेल तर आधी पेडल मारणं थांबवा, मग जरा सरळ बसून छातीवर वारा घ्या, आणि त्यानंतरच ब्रेक, तोही हलका आणि दोन्हींचा.

आरोळ्या आणि खुणा ठरलेल्या आहेत. “खड्डा” म्हणताना हात खाली करून त्या बाजूला बोट दाखवतात. उघडा तळहात मागे खाली धरला की वेग कमी होतोय किंवा थांबतोय. मागून गाडी आली की शेवटचा “कार बॅक” ओरडतो आणि सगळे एका रांगेत डावीकडे येतात. पुढून आलेली आरोळी मागच्यापर्यंत पोचवणं तुमचंही काम आहे, ऐकून गप्प बसलात तर साखळी तुटते. हात सोडणं जमत नसेल तर खूण करू नका, नुसतं मोठ्याने ओरडा. हँडल डळमळण्यापेक्षा ते केव्हाही बरं. हात सोडण्याचा सराव रिकाम्या मैदानात करा, पाण्याची बाटली काढून परत ठेवण्याचाही.

खड्डा उशिरा दिसला तर वळू नका. सीटवरून किंचित उठा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, कोपरं सैल सोडा आणि त्यावरून जा. गतिरोधकावर आणि रंबल स्ट्रिपवरही (रस्त्यावरच्या ओळीने आखलेल्या उंच पट्ट्या) हेच. खचलेली साइडपट्टी याहून फसवी आहे. डांबराची कड दोन-तीन इंच उंच असते. चाक खाली गेलं तर तिरकं घासत परत वर चढवायचा प्रयत्न करू नका, चाक कडेला अडकून सायकल आडवी होते. मुरुमावरच वेग कमी करा, थांबा आणि सायकल उचलून वर घ्या.

चढावर वेगळ्या दोन चुका होतात. एक म्हणजे गिअर उशिरा बदलणं. चढ सुरू झाल्यावर पूर्ण जोर लावून पुढचा गिअर बदलला की चेन उतरते, आणि तुम्ही भर चढावर मागच्याच्या वाटेत उभे राहता. चढाच्या आधी वीस मीटरवर हलका गिअर घ्या. दुसरी, पेडलवर उभं राहणं. उठताना पायाचा जोर क्षणभर सुटतो आणि सायकल काही इंच मागे येते, नेमकी मागच्याच्या चाकावर. उठण्याआधी एक गिअर जड करा, “उठतोय” म्हणा आणि पेडल खाली दाबता दाबता उठा. घाटात प्रत्येकाने आपापल्या वेगाने चढावं, माथ्यावर सगळे जमतात. दोन शब्द बोलता येतील इतकाच दम लागू द्या.

उतारावर अंतर दीड मीटरचं दहा मीटर करा. ब्रेक सतत दाबून ठेवल्याने रिम आणि डिस्क तापतात आणि पकड कमी होते. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाआधी सरळ भागातच वेग कमी करून घ्या, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवा.

सिग्नलला ग्रुप तुटला तर तुटू द्या. लाल दिवा तोडून कोणी पकडायला जायचं नाही, पुढचे सिग्नलपलीकडे डावीकडे थांबतात. थांबताना सायकलसकट डांबर सोडून पूर्ण खाली उतरा. मध्येच घरी परतायचं असेल तर स्वीपला सांगूनच वळा, नाहीतर तुमच्या शोधात चारजण परत फिरतात.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवून ग्रुपमध्ये घुसू नका. कुत्र्यांपेक्षा धक्काबुक्कीनेच जास्त लोक पडतात. वेग कमी करा, मोठ्या आवाजात दरडावा. ऐकत नसतील तर उतरा आणि सायकल मध्ये ठेवून चालत राहा. नोव्हेंबरपासून ऊसतोडीचे महिने सुरू होतात, तेव्हा सातारा आणि सोलापूर रस्त्यांकडे मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. पावसाळ्यात पांढरे पट्टे, झाकणं आणि सावलीतल्या काँक्रीटवरचं शेवाळ घसरतं, त्यावर ना ब्रेक, ना वळण.

पंक्चर झालं तर

“पंक्चर” म्हणून ओरडा, हात वर करा, हळू डावीकडे या. मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणून मगच चाक काढा. उरलेली हवा सोडा, लिव्हरने टायरची एक बाजू उघडा आणि ट्यूब काढा. आता घाई करू नका. टायरच्या आतून बोटं अलगद फिरवा. महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली बारीक तार हे पंक्चरचं नेहमीचं कारण आहे. ती बाहेरून दिसत नाही, आतून टोचते. ती न काढता नवी ट्यूब घातलीत तर एका किलोमीटरवर पुन्हा खाली बसाल. ट्यूब आणि टायर एकमेकांशेजारी धरून भोक कुठे आहे ते जुळवलं की तार कुठे शोधायची ते कळतं.

नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून ती बसवा. टायरचा शेवटचा भाग अंगठ्यांनी चढवा. तिथे लिव्हर वापरला की नवीच ट्यूब चिमटते. हवा भरण्याआधी सगळीकडे फिरवून ट्यूब कुठे बाहेर डोकावत नाही ना ते बघा. हे घरी दोनदा करून बघा, विशेषतः मागच्या चाकाचं. दहा मिनिटांत जमलं म्हणजे पुरेसं. न जमल्यास मोकळेपणाने मदत मागा, फक्त तुमची ट्यूब तुमच्याकडे असू द्या.

घरी आल्यावर

बाटल्या लगेच धुवा, ओआरएसच्या बाटलीत दोन दिवसांत बुरशी धरते. टायरवरून जाड कापड फिरवून रुतलेली काच किंवा खडा काढून टाका, पुढच्या रविवारचं पंक्चर बऱ्याचदा याच रविवारी रुतलेलं असतं. सायकल पावसात भिजली असेल तर चेन त्याच दिवशी पुसून तेल घाला, सोमवारवर टाकली की गंज चढतो. आणि ट्यूब वापरली असेल तर पिशवीत दुसरी आजच ठेवा. जुनीला पॅच लावताना सोल्यूशन लावून पाचेक मिनिटं पूर्ण सुकू द्या, मग पॅच दाबून बसवा. रात्री हवा भरून ठेवा. सकाळी ती तशीच फुगलेली दिसली तर तीच घडी घालून पिशवीत टाका.